पाठीवरची होडी

निवृत्त झाल्या दिवशीच साहेबांनी ठरवून टाकलं, की आता आपण कलावंत व्हायचं! साहेब म्हणजे नुसते नावाचेच हं. तीस वर्षं कचेरीत पत्रांवर शिक्के मारले. बायको घरी शिवणकाम करायची आणि तिच्याकडे येणाऱ्या बायका त्यांना साहेब म्हणायच्या, तेवढंच. "काय सुरेख शिक्का मारलात!" असं तीस वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं. आता निदान एका माणसाने तरी आपलं काम बघून "वा!" म्हणावं, एवढीच बिचाऱ्यांची इच्छा.

"बाहेरच्या भिंतीवर चिंध्यांचा समुद्र करतोय," त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच जाहीर केलं.

"करा. माझ्या कात्रीला तेवढा हात लावू नका," बायको म्हणाली.

कात्रीला त्यांनी खरोखरच हात लावला नाही. पँटच्या तुकड्यांचा किनारा झाला, अस्तराचे ढग झाले. मग मशीनखालच्या टोपलीत निळ्या रेशमाची एक सुरळी दिसली. ती उलगडली मात्र, साहेब जागीच विरघळले! खिडकीतून वारा आला, रेशीम हललं आणि त्यांच्या कानांत लाटा वाजू लागल्या. आतल्या मशीनची खडखडसुद्धा दूरवरच्या बोटीसारखी वाटली. आता, बेतून कापलेला भाग त्याच कापडाच्या पट्टीने बांधून ठेवायचा आणि बांधलेल्या सुरळीला कुणी शिवायचं नाही, हा घरचा नियम साहेबांना पाठ होता. पण समुद्र दिसल्यावर माणसाला गाठ कुठली दिसायला!

दुपारपर्यंत भिंतीवर समुद्र लागला. त्यात लाल मखमलीची होडी, सुताराच्या गोंदाने पक्की चिकटवलेली.

चारला एक गाणाऱ्या बाई शिवायला टाकलेला ड्रेस न्यायला आल्या. शाळेत गाणं शिकवायच्या, आणि आज सहा वाजता अकरा वर्षांनी रंगमंचावर एकट्या गाणार होत्या. त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं.

"अगंबाई! अगदी माझ्या ड्रेसचा रंग!"

"काय योगायोग बघा!" साहेब फुलले.

इतक्यात आतून हाक आली, "अहो, निळी सुरळी पाहिलीत का कुठे? बाईंच्या ड्रेसची पाठ आहे त्यात!"

साहेब पटकन भिंतीसमोर हात पसरून उभे राहिले. बायको बाहेर आली, तिने भिंत पाहिली आणि एवढंच म्हणाली, "उतरवा."

किनारा निघाला, ढग निघाले, रेशीमही निघालं, पण त्यावरची होडी काही निघेना! पाणी झालं, तेल झालं, वाफ झाली. ओढावी तर रेशीमच फाटायला लागलं.

"दुसरं कापड?" बाई रडवेल्या झाल्या.

"या रंगाचं ठाणच संपलंय हो."

"मग वरून शाल घेतली तर?" साहेबांनी सुचवलं.

"घ्या की!" बायको म्हणाली.

"नको, शालीत मी गुदमरते. वरचा सूरच लागायचा नाही!"

शेवटी बायकोने होडीसकट पाठ शिवली. "हे बघा, गाताना तोंड लोकांकडेच असतं. पाठ फिरवायची नाही, म्हणजे झालं!"

आणि बाई काय गायल्या! तिसऱ्या रांगेत साहेब डोळे मिटून तरंगत होते. आता बाई वळतील, होडी दिसेल, सगळं सभागृह "वा!" म्हणेल... गाणं संपलं. बाई वाकून वाकून नमस्कार करत उलट्या पावलांनी मागे सरकू लागल्या! लोकांना वाटलं, केवढा हा श्रोत्यांचा मान! सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. बायकोने हुश्श केलं. साहेबांचं तोंड मात्र एवढंसं झालं. एवढी माणसं, आणि होडी एकालाही दिसू नये?

मग त्यांना आठवलं, पडदा ओढणारा मागेच उभा होता की! ते धापा टाकत आत गेले.

"तुम्ही बाईंची पाठ पाहिलीत?"

"पाहिली तर! नजरच हटेना."

साहेबांना भरून आलं. "खरंच? कशी वाटली?"

"छानच! पण काका," पडदेवाला हळूच म्हणाला, "एवढ्या भारी रेशमावर त्यांनी चप्पल कशाला हो चिकटवली?"