पितरांच्या दिवशी दार अडकलं

"दार लावा ते! वास येतोय!" ग्योचुल सोफ्यावरून ओरडले.

दिवस चुसॉकचा, म्हणजे पितरांना जेवू घालायचा. कोरियातल्या देगू शहरातल्या त्या फ्लॅटच्या बाल्कनीत मालसुनबाई आपल्या दोन्ही सुनांना घेऊन पहाटेपासून काप तळत बसल्या होत्या. माशाचे काप, भोपळ्याचे काप, अळंब्यांचे काप. दिवाणखान्यात पूजेचा पडदा उभा होता आणि त्याच्यासमोर सोफ्यावर घरातले तिन्ही पुरुष आडवे होते. एक मालसुनबाईंचे यजमान ग्योचुल, दुसरा थोरला मुलगा दोंगह्युक, तिसरा धाकटा सांगज्युन. टीव्हीवर कुस्ती चालली होती.

मालसुनबाईंनी वैतागून काचेचं सरकतं दार जोरात ढकललं. खाडकन आवाज आला आणि दार रुळावरून खाली उतरून पक्कं बसलं.

हे कळलं ते बऱ्याच वेळाने, थोरली सून हेरिम सूप ढवळायला आत जायला निघाली तेव्हा. तिने ओढलं. धाकटी दाबिन मदतीला आली. मग सासूबाई. दार हलेना.

"अहो!" मालसुनबाईंनी काचेवर थापा मारल्या. "दार उघडा! गॅसवर सूप आहे!"

काच दुहेरी होती. आतून ग्योचुलनी मान डोलावली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

शेवटी हेरिमने काचेवर झारा आपटला, तेव्हा कुठे पुरुष उठले. तिघांनी मिळून दार असं काही ओढलं की ते आणखी खोल रुतलं. फोन करावा तर तिघींचेही फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला.

"आता हो काय करायचं, आई?" दाबिन रडकुंडीला आली. लग्नानंतरचा तिचा हा पहिलाच चुसॉक.

"आंदोंगचे काका येतील इतक्यात," मालसुनबाईंनी कपाळाला हात लावला. "भाज्या व्हायच्यात, भात लावायचाय. माझ्या हातून पितर उपाशी राहणार!"

आंदोंगचे काका म्हणजे ग्योचुलचे चुलते, घराण्यातले सगळ्यात वडीलधारे. दरवर्षी पूजेला येत आणि काही ना काही खोट काढून जात. एकदा पूजेत पेअरचं फळ चुकीच्या बाजूला ठेवलं होतं, ते त्यांनी पुढची सहा वर्षं ऐकवलं होतं. ते बोलायचे ग्योचुलना, ग्योचुल स्वयंपाकघरात येऊन मालसुनबाईंना. मालसुनबाई ऐकून घ्यायच्या. त्यांच्या आईवडिलांना पाचवी मुलगी झाली तेव्हा त्यांनी ‘आता ही शेवटची’ अशा अर्थाचं नाव ठेवलं, तीच मालसुन. नंतर आणखी दोन मुली झाल्या, तोही दोष हिच्याच माथी आला होता. त्यामुळे ऐकून घ्यायची सवय जन्मापासूनची.

काचेपलीकडे दोंगह्युक पातेल्यापाशी उभा राहून हातवारे करत विचारत होता, पुढे काय?

हेरिमने अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळून दाखवलं. चिमूटभर मीठ.

दोंगह्युक क्षणभर बघत राहिला. मग कानापर्यंत लाल झाला. इकडेतिकडे बघून त्यानेही अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं.

"हे काय करतोय हा?" मालसुनबाईंनी विचारलं.

हेरिम लाजली. "आई, त्यांना वाटतंय मी त्यांना अंगठा-बोटाचा बदाम दाखवला. प्रेमाचा."

"आणि मीठ?"

"मीठ नाही टाकलं."

आतला गोंधळ वाढत चालला. सांगज्युनने सगळी कपाटं उघडली, तिळाचं तेल सापडेना. ते त्याच्या नाकासमोर होतं. मालसुनबाई आतून, म्हणजे बाहेरून, "तिथेच, तिथेच रे गाढवा!" असं ओरडत नाचत होत्या. ग्योचुलनी बायकोचा खुंटीवरचा दुसरा, फुलाफुलांचा एप्रन उलटा बांधला आणि भात शिजवायच्या कुकरपुढे असे उभे राहिले, जसं काही ते विमान आहे. कुकरमधून बाईच्या गोड, रेकॉर्ड केलेल्या आवाजात सूचना यायला लागल्या, तेव्हा दचकून एक पाऊल मागे सरले.

सोसायटीच्या ऑफिसात फोन गेला आणि ड्यूटीवरच्या ग्वाकबाई हत्यारांची पेटी घेऊन आल्या. "लांब व्हा सगळे, काच फुटली तर डोळ्यांत जाईल," म्हणून त्यांनी पुरुषांना स्वयंपाकघरात पिटाळलं, गुडघ्यावर बसल्या, दाराखाली पहार घातली आणि हलकेच उचललं. दार लोण्यासारखं सरकलं. दोन बोटांची फट पडली.

"उघडलं, काकू," त्या म्हणाल्या.

मालसुनबाईंनी हुश्श केलं. उठायला म्हणून हात टेकला. तेवढ्यात फटीतून त्यांना स्वयंपाकघर दिसलं. नवरा वाफेत घामाघूम होऊन भाजी परतत होता आणि मुलांना विचारत होता, "ही मघाशी काळी होती का रे? का मी केली?" थोरला पालक धूत होता. धाकटा लसूण सोलत होता आणि एक एक पाकळी उजेडाकडे धरून बघत होता. मालसुनबाईंचे गुडघे दुखत होते. ते कधीपासून दुखत होते, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं, कारण आत्ता कुठे त्या हातात काम न घेता बसल्या होत्या.

"काय गं पोरी," त्या फटीला तोंड लावून कुजबुजल्या, "हे दार जरा वेळाने उघडलं तर?"

ग्वाकबाईंनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. "मला काय, मी ड्यूटीवर आहे. दर चुसॉकला मागून घेते ड्यूटी. सासूला वाटतं, माझा साहेब फार खडूस आहे."

"कोण आहे साहेब?"

"मीच."

त्यांनी फट बंद केली, पेटी उचलली आणि मोठ्याने सांगितलं, "रूळ वाकलाय! सामान आणावं लागेल. दुपारपर्यंत कुणी हात लावू नका!"

दोन्ही सुना सासूकडे बघत राहिल्या. सासूबाईंनी काही झालंच नाही अशा थाटात एक गरमागरम माशाचा काप उचलला आणि तोंडात टाकला.

"आई! पूजेआधी?" दाबिनच्या तोंडातून निघून गेलं.

"खा गं. पितरांचे वेगळे ठेवलेत. गरम काप कसा लागतो ते मी विसरलेच होते बाई."

तेवढ्यात आंदोंगचे काका आले. रेशमी अंगरखा, हातात काठी. एप्रन घातलेल्या पुतण्याला पाहून ते दारातच थबकले.

"बायका कुठायत?"

"अडकल्यात, काका."

"कशात?"

ग्योचुलनी कालथ्याने बाल्कनी दाखवली. काचेआडून तिघींनी अदबीने वाकून नमस्कार केला. तोंडं भरलेली असल्यामुळे बोलल्या मात्र काही नाहीत. धाकट्याने स्टुलावर चढून दारावरची झडप आतून उघडली, तिघींनी तळलेले काप तिच्यातून आत सरकवले आणि पूजा सुरू झाली. झडप उघडीच राहिली.

पुरुष ओळीने उभे राहिले. दारू ओतली, धूप लावला, दोनदा पालथे पडून नमस्कार केला, भातात चमचा रोवला, थांबले, पुन्हा नमस्कार केला. झालं.

मालसुनबाई काचेला नाक लावून बघत होत्या. "इतकंच असतं होय?"

"तुम्ही कधी बघितलीच नाही, आई?" हेरिमने विचारलं.

"कधी बघणार? तेव्हा आत दुसरं सूप उकळायला ठेवलेलं असतं ना." सासरे गेले, त्याआधी वर्षभर त्यांची सेवा मालसुनबाईंनीच केली होती. त्यांनी पदरासारखा एप्रन नीट केला आणि तिथेच, तेलाच्या डब्याशेजारी, गुडघे दुखत असताना पुरता वाकून सासऱ्यांना नमस्कार केला. सुनाही वाकल्या.

आत जेवणं सुरू झाली. काकांनी सुपाचा घोट घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"मीठ नाही."

ग्योचुलचा चेहरा काचेतूनही लालबुंद दिसला. "काका, सकाळपासून उभा आहे मी! पाय बघा माझे! मीठ समोर आहे, घ्या की हाताने!"

काकांनी मिठाची वाटी स्वतःच पुढे ओढली. बाल्कनीत मालसुनबाईंनी थोरल्या सुनेचा हात घट्ट धरला. एवढ्या वर्षांत जे त्यांना म्हणायचं होतं, ते शब्दन् शब्द त्यांच्या नवऱ्यानेच म्हणून टाकलं होतं.

जेवणं उरकली आणि भांड्यांचा डोंगर उभा राहिला. दोंगह्युक घासणार, सांगज्युन विसळणार, ग्योचुल लावून ठेवणार असं ठरलं. आतून बरीच बाचाबाची ऐकू आली. मग काका एकटेच दिवाणखान्यात आले. पावलं घाईची होती आणि मागे वळून वळून बघत होते. एका हातात कुणीतरी कोंबलेला गुलाबी रबरी हातमोजा होता. ते थेट बाल्कनीच्या दाराशी आले आणि त्यांनी दार ओढलं.

दार अलगद उघडलं.

तिघींच्या हातातले काप हातातच राहिले. काकांनी दाराकडे बघितलं. रुळाकडे बघितलं. मग मालसुनबाईंकडे. मालसुनबाईंनी हातातला काप पाठीमागे लपवला.

"काका!" स्वयंपाकघरातून ग्योचुलची हाक आली. "अहो काका, तुम्ही फक्त पुसायचीत! कुठे गेलात?"

काका चटकन बाल्कनीत आले, दार ओढून घेतलं, सुनांच्या मधली बसायची रिकामी उशी बघून तिच्यावर मांडी घातली आणि काचेला तोंड लावून ओरडले,

"अडकलोय रे!"