काहीच न करणाऱ्या बाईची सतरा पानं

आमच्या सिडकोतल्या कॉलनीत कुणाच्या हातून काचेचा ग्लास जरी फुटला, तरी गांगुर्डेकाका ओरडतात, "कुणी हात लावू नका! आधी पंचनामा!" मग खिशातून टेप निघतो. ग्लास ओट्यापासून किती लांब पडला, फरशी ओली होती का, साक्षीदार कोण, हे सगळं वहीत उतरलं की मगच केरसुणीला परवानगी. परवा ते स्वतःच जिन्यात घसरले, तर उठायच्या आधी त्यांनी मला चपलेभोवती खडूने रेघ मारायला लावली.

मोटार अपघाताचे दावे चालवणाऱ्या एका वकिलांकडे काका उभी हयात कारकून होते. निवृत्त झाले तरी कोर्टात रोज एक चक्कर असतेच. माणूस भेटला की ते तब्येत विचारत नाहीत, हाडं विचारतात. "गुडघा पूर्ण वाकतो? मांडी घालून दाखवा बरं." खोटं कशाला बोलू, ते समोरून येताना दिसले की मी मोबाइल कानाला लावायचो.

मग गेल्या वर्षी द्वारका चौकात द्राक्षांच्या एका टेम्पोने माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या स्कूटीला धडक दिली. जीव वाचला, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. भरपाईचा दावा लावायचं ठरलं. काकांच्याच वकिलांनी दिलेला माहितीचा फॉर्म मीच भरला. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, 'काही नाही. घरीच असते.' सुनंदाने वाचून मान डोलावली.

काकांनी तो फॉर्म पाहिला आणि त्यांचा पारा चढला. "काही नाही? मग तुम्हाला जेवायला कोण घालतं, विमा कंपनी? अहो, हात किती टक्के गेला ते सिव्हिलचे डॉक्टर लिहितील. पण त्या हातावाचून काय काय अडतं, ते आपण दाखवायचं. कोर्ट घरकामाचंही उत्पन्न धरतं. पण सांगावं लागतं ना!"

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, नळाला पाणी यायच्या वेळी, काका वही घेऊन आमच्या स्वयंपाकघरात हजर. सुनंदा रोज काय करायची ते सांगणार, मी करणार आणि काका लिहिणार. "भाकरी, नऊ. पैकी जळालेल्या चार." "माळ्यावरून डबा काढणे. पतीस डबा सापडला नाही." संध्याकाळपर्यंत सतरा पानं भरली आणि माझी कंबर धरली. सुनंदा तर अपघातानंतर पहिल्यांदाच पोट धरून हसली.

कोर्टात कंपनीच्या वकिलांनी तिला विचारलं, "बाई, तुम्ही नोकरी करत नाही. मग नुकसान कसलं?"

 तीही 'काही नाही' म्हणाली असती, तर सगळं मुसळ केरात.

"साहेब," सुनंदा म्हणाली, "साडेपाचला नळ येतो. तिथून सांगू?"

आणि सांगतच गेली. दुपारच्या दळणापर्यंत आली तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, "पुरे, पुरे." न्यायाधीश म्हणाले, "सांगू द्या त्यांना."

निकालात गृहिणी म्हणून तिचं उत्पन्न धरलं गेलं. ते पान तिने तीनदा वाचलं आणि कॉलनीभर पेढे वाटले.

काकांचे पेढे घेऊन मी गेलो. काकू गेल्यापासून ते एकटेच असतात. मी म्हटलं, "काका, त्या फॉर्मवर मी तसं लिहिलं, त्याची लाज वाटते."

काकांनी हातातला पेढा वहीवर ठेवला. "मीही तेच सांगितलंय. जनगणनेवाला आला होता. बायको काय करते, म्हणाला. मी म्हटलं, काही नाही. ती त्याच्यासाठी चहा घेऊन दारातच उभी होती."

"काकू काही बोलल्या?"

"साखर पुरेशी आहे का, एवढंच विचारलं त्याला."

 मी खुर्ची जवळ ओढली. "काकू सकाळी किती वाजता उठायच्या हो?"

"साडेचारला," काका म्हणाले. "माझी झोप मोडू नये म्हणून बांगड्या पार कोपरापर्यंत सरकवायची." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणि मी जागाच असायचो."