अक्कलदाढेचं न्याय्य वाटप

माझी अक्कलदाढ ठणकू लागली, तेव्हा ही बाब मी आणि दातांचे डॉक्टर एवढ्यापुरतीच मर्यादित राहील, असा माझा प्रामाणिक समज होता.

दवाखान्यात टोकनची पद्धत होती. दाराशी खिळ्याला प्लॅस्टिकच्या चकत्या अडकवलेल्या असत. येईल त्याने वरची चकती घ्यावी, नंबर पुकारला की आत जावं, तोंड उघडावं, ओरडावं आणि घरी जावं. या व्यवस्थेविरुद्ध आजवर एकही तक्रार आली नव्हती. हीच तिच्यातली गंभीर त्रुटी असल्याचं डॉक्टरांच्या भाच्याच्या लक्षात आलं.

भाचा एनएफटीचा प्रकल्प काढत होता. म्हणजे चित्र सगळ्या जगाला फुकट दिसणार, फक्त ‘ते माझं’ असं म्हणायचा हक्क विकत मिळणार. प्रकल्पाचं नाव ‘अक्कलदाढ’. मामांनी उपटलेल्या प्रत्येक अक्कलदाढेचा फोटो निघणार आणि ज्याच्याकडे टोकन, त्याचा त्यात वाटा. खिळ्यावरच्या चकत्या गेल्या, टोकन मोबाइलवर आलं. आता तोच नंबर आणि तोच वाटा.

“पण मामा, वाटप न्याय्य पाहिजे,” भाचा म्हणाला. “लवकर येईल त्याला आधी टोकन, हा उशिरा उठणाऱ्यांवर उघड अन्याय आहे.”

“अरे, पण मला दाढा काढायच्यात.”

“काढा की. वाटप झाल्यावर.”

बोलूनचालून बहिणीचा मुलगा पडला. डॉक्टरांनी पक्कड खाली ठेवली.

आधी ठरलं, ज्याला जास्त दुखतं त्याला टोकन. हे जाहीर होताच बाकांवर आक्रोश उसळला. सगळ्यांत हृदयद्रावक विव्हळल्या त्या निवृत्त मास्तरीणबाई. त्यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. त्या नवी कवळी न्यायला आल्या होत्या.

“तुम्हाला काय दुखतंय?” मी गाल धरून विचारलं.

“आठवणी,” त्या म्हणाल्या.

मग सोडत काढली. सगळी टोकनं समोरच्या गॅरेजमधल्या मेकॅनिकला लागली. तो फक्त ‘दारातली गाडी कुणाची, हलवा’ एवढं सांगायला आला होता. तो लगेच बाकावर बसला आणि गाडी तिथेच राहिली. लोकांनी गिल्ला केल्यावर सोडत रद्द झाली.

शेवटी भाच्याने सुवर्णमध्य काढला: प्रत्येकाला एकेक टोकन, संस्थापकाला थोडी जास्त.

“थोडी म्हणजे?” मेकॅनिकने विचारलं.

“उरलेली.”

“आणि हा न्याय?”

“मीपण रांगेतच आहे ना काका. फक्त दोन्ही टोकांना.”

हे उत्तर सर्वांना पटलं. मग भाच्याने शेवटचा नियम सांगितला. पेशंटने उंबरठा ओलांडला की त्याचं टोकन जळणार, म्हणजे कायमचं रद्द. एक जळालं की बाकीची दुर्मीळ होणार आणि दुर्मीळ झाली की भाव चढणार. थोडक्यात, माझी दाढ निघण्यात माझ्याखेरीज सगळ्यांचं हित होतं.

त्या क्षणी दवाखान्यात सभ्यतेचा महापूर आला.

“आधी तुम्ही.”

“छे छे, तुमची सूज मोठी.”

“वयाला काही मान आहे की नाही? बाई, तुम्ही जा.”

“मला कसली घाई? मला काही चावायचंय का?”

डॉक्टर पक्कड घेऊन बाहेर डोकावले. “कुणीतरी या हो!” कुणी हललं नाही. एवढे लोक वेदना सहन करून थांबलेत म्हणजे आत नक्कीच दम असणार, असा बाजाराने अर्थ काढला आणि भाव आणखी चढला.

बायकोचा फोन आला. टोकनांची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. “काढली का?”

“वाढली.”

“कुठपर्यंत?”

“डोळ्यापर्यंत.”

“सूज नाही रे, भाव!”

मी सांगितलं. ती अतिशय मायेने म्हणाली, “एक गोळी घे आणि थांब थोडा.”

पण दाढेला अर्थशास्त्र कळत नाही. तिने असा काही सणका मारला, की मी उडी मारून थेट खुर्चीत पडलो. मागे बाकांवर टाळ्या पडल्या. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पक्कड तोंडाजवळ आली.

“टोकन?” भाच्याने विचारलं.

“उंबरठ्यावर जळालं ना!”

“मग टोकनशिवाय खुर्चीत कसे बसलात?”

“अरे, उंबरठा ओलांडल्याशिवाय खुर्चीत बसणार कसा?”

भाच्याने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. “बघा, तुमच्या लक्षात आलं. नियम सगळ्यांना सारखा. मामा, तुमचं टोकन?”

“माझं? अरे, मी डॉक्टर आहे!”

“मघाशी बाहेर डोकावून आत आलात ना?”

अशा रीतीने मी आणि डॉक्टर रांगेच्या शेवटी येऊन उभे राहिलो. माझ्याकडे दाढ होती, त्यांच्याकडे पक्कड होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

“इथेच ओढा,” मी कुजबुजलो.

त्यांनी पक्कड उचलली मात्र, मास्तरीणबाई नव्या उत्साहाने ओरडल्या, “काळाबाजार! काळाबाजार!” मेकॅनिकने पक्कड हिसकावून घेतली. ती त्याला तशीही हवी होती.

ही हकीकत मी गालावर हात ठेवूनच सांगतो. ऐकणारा कळवळतो, हसतो, कुठे चाललाय हा समाज म्हणून सुस्कारा सोडतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, “टोकनं मिळतायत का अजून?” दाढेचं पुढे काय झालं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

तुम्ही मात्र तेच विचारणार होता, याची मला खात्री आहे. या ना मग, दार उघडंच आहे.

आधी तुम्ही.