हरिबातात्यांना पत्रिका नाही

कल्याणरावांनी सकाळी चहाच्या आधी पत्रिका उघडली, तिथंच घोळ झाला. पण त्यांचाही इलाज नव्हता. धारूर तालुक्यात पुढारी म्हणून मिरवायचं तर कुणाचंही लग्न चुकवून चालत नाही. माईकवर नाव पुकारलं आणि फेटा बांधायला डोकंच हजर नसलं, की त्या घरची मतं गेली म्हणून समजा. त्यात पंचायत समितीची निवडणूक तोंडावर आलेली. त्यामुळे अनोळखी नंबरवरून 'लग्नाला सहकुटुंब या' असा निरोप आला, तेव्हा 'हे कोण?' असा प्रश्न त्यांना पडलाच नाही. पुढाऱ्याला असे प्रश्न पडत नसतात.

पत्रिका उघडण्याआधी फोननं नाना परवानग्या मागितल्या. कल्याणरावांनी त्या उदार मनानं देऊन टाकल्या. मग पडद्यावर आलं, 'वधूवरांना एक रुपया आहेर पाठवा.' त्या घरची त्यांना कीवच आली. त्यांनी एटीएम कार्डावरचे पुढचे-मागचे सगळे आकडे भरले. आहेर काही जाईना, म्हणून पुन्हा भरले.

"रेंज न्हाई वाटतं," असं म्हणून ते चहाकडे वळले, तोच शेजारच्या गावच्या मोहनरावांचा फोन आला.

"अभिनंदन, कल्याणराव! पोरीचं जमवलं आन आमाला पत्ताबी लागू दिला न्हाई!"

"कुणाच्या पोरीचं?"

"घ्या! तुमीच पत्रिका पाठवली आन आमालाच इचारता! पण ती उघडायला लई परवानग्या मागती बगा."

त्याच्यामागे दुसरा फोन, मग तिसरा. शेवटी मुलगी वैष्णवी स्वयंपाकघरातून बाहेर आली. आपलं लग्न ठरल्याची बातमी तिला नुकतीच मावशीकडून कळली होती. तिनं बापाच्या हातातला फोन घेतला आणि तिचा चेहराच उतरला.

"बाबा, ही पत्रिका न्हाई. फसवायचं ॲप हाय. तुमच्या फोनमधल्या समद्यांना तुमच्याच नावानं गेलंय. कार्डाचा नंबर तर न्हाई ना दिला?"

कल्याणराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले.

"बाबा!"

"एक रुपया आहेर करायचा होता गं."

त्या खात्यात वैष्णवीच्या नर्सिंगची फी होती. फी भरायचा आजचा शेवटचा दिवस; नाही भरली तर जागा दुसरीला जाणार. वैष्णवीनं फोनचं नेट बंद केलं आणि आईच्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लावला. आई, गंगासागरबाई, पदराचं टोक पिळत उभ्या राहिल्या.

"ओटीपी आलता का? बँकेचा आकडा?" वैष्णवीनं विचारलं.

"एकबी न्हाई आला."

"मंग गेलं समदं. ते लोक आपल्या आधी वाचतेत आन पुसून टाकतेत."

कल्याणरावांना बसवेना की उभं राहवेना. तक्रार नोंदवून झाल्यावर बायकोच्या फोनवरून ते एकेकाला सावध करू लागले. "ती पत्रिका उघडू नका!" यावर मोहनराव एकदम थंड झाले. "आमी लग्नाला यावं असं वाटत न्हाई, तर तसं सांगा. पण दिलेली पत्रिका वापस घेनारा मानूस आज पैल्यांदा पाह्यला." फोन कट. दुसऱ्याचंही तेच. ठगांनी अजून पैसे नेले होते की नाही ते कळायचं होतं, मतं मात्र निघाली होती.

शेवटी बँक गाठायला तिघं निघाले, तर दारात काठी आपटत चुलते हरिबातात्या उभे.

"समद्या तालुक्याला पत्रिका! आन सख्ख्या चुलत्याला न्हाई?"

"तात्या, ती खोटी पत्रिका हाय. फसवनूक हाय."

"मंग खोटी का होईना, मला कावून न्हाई? फसवनुकीतबी आमाला धरत न्हाईस व्हय रे?"

तात्यांचा फोन बटणांचा होता, त्याला पत्रिका पोचणार कशी? पण हे समजावायला वेळ कुणाला होता? कल्याणराव बाजूनं निसटू लागले, तशी तात्यांनी काठी आडवी घातली.

"आन वर तुझ्या बँकेचे मेसेज सकाळपासून माझ्या फोनवर! टुंग टुंग, टुंग टुंग. मी काय तुझा कारकून हाय?"

कल्याणराव जागच्या जागी थांबले. खातं काढलं तेव्हा त्यांच्याकडे फोनच नव्हता. गावात रेंज फक्त तात्यांच्या माळावरच्या घरी यायची, म्हणून बँकेत नंबर तात्यांचा दिला होता. तो बदलायचा राहूनच गेला होता.

"तात्या, आकडा कुनाला सांगितला तर न्हाई ना?" वैष्णवीनं पुढं होत विचारलं.

"एकानं फोन केलता. 'कल्याणरावच्या घरून बोलतो, लग्नाची घाई हाय, आलेला आकडा सांगा' म्हनला."

"मंग?"

"मंग काय? ज्या लग्नाची पत्रिका न्हाई, त्या लग्नाचा आकडा मी कावून सांगू? म्हनलं, पैलं घरी येऊन अक्षत दे, मंग बोल. सारका फोन करीत होता. सारक्या शिव्या घातल्या."

वैष्णवी मटकन उंबऱ्यावर बसली आणि रडता रडता हसू लागली. कल्याणरावांनी भर दारात तात्यांचे पाय धरले. कुणाच्या रुसव्याचा त्यांना इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

तात्यांनाही सोबत घेऊन सगळे धारूरच्या बँकेत पोचले. साहेबांनी कार्ड बंद केलं. पैसे जागेवर होते. "ओटीपी कोणत्या नंबरवर गेला, त्याचे शेवटचे आकडे स्क्रीनवर दिसतात," साहेब म्हणाले. "तुमच्या फोनमधले सगळे नंबर त्या लोकांकडं गेलेले. जुळवून यांना गाठलं. पण आजोबा, शाबास! आकडा कुणालाही सांगायचा नाही." मग ते कल्याणरावांकडे वळले. "खात्याला सध्या कुलूप लावलंय. यांच्या फोनवर आत्ता एक आकडा येईल, तो इथं टाकला की खातं उघडेल. मग फी भरा आणि आधी तो नंबर बदला."

टुंग. तात्यांनी फोन बंडीच्या आतल्या खिशात घातला आणि वरून गुंडी लावली.

"तात्या, टाका ना आकडा," वैष्णवी काकुळतीला आली. "दुपारपस्तोर फी भरायचीय."

"तुझ्यावर राग न्हाई माझा, बाळा. तुझ्या बापानं पत्रिका अजून दिलेली न्हाई."

"आजोबा, बँकेत टाकायला हरकत नाही," साहेबांनी मध्ये तोंड घातलं.

"तुमालाबी पत्रिका आली व्हती का?" तात्यांनी विचारलं.

कल्याणरावांनी घड्याळ पाहिलं, तात्यांच्या गुंडीकडे पाहिलं आणि भर उन्हात समोरचा रस्ता ओलांडून छापखाना गाठला.

"लग्नाची पत्रिका छापायचीय. आत्ताच्या आत्ता."

"किती काढू?"

"एकच."

छापखानेवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. "कुनाचं लग्न हाय, सायेब?"

"लग्न न्हाई हो," कल्याणराव घाम पुसत म्हणाले, "चुलता हाय."