साठ निळ्या गोळ्या

चार महिने बंद असलेला नेमबाजीचा क्लब शनिवारी उघडणार होता आणि राजानंदने पिस्तुलाची साठ काडतुसं घरीच भरली होती. करोनामुळे दुकानांत मिळत नव्हती. त्याच्याकडे परवाना होता, भरायचं यंत्र होतं आणि निळा लेप दिलेल्या शिशाच्या गोळ्या होत्या. "माझ्या हातची काडतुसं घेऊन येतो," असं त्याने क्लबच्या ग्रुपवर टाकूनही दिलं होतं. आता माघार नव्हती.

मापात बसतात का, एवढंच बघायचं राहिलं होतं. त्यासाठी एक पोलादी नळकांडं असतं. काडतूस आत टाकलं की टुणकन तळाशी बसायला हवं. पहिलं मध्येच रुतलं, ओढून काढावं लागलं. दुसरं अडलं. दहावंही अडलं.

"बघू रे मला," शांताबाई म्हणाल्या. लेकाकडे नेदरलँड्समधल्या बेस्ट गावी तीन महिन्यांसाठी आलेल्या त्या, विमानं बंद झाल्याने पाचव्या महिन्यातही तिथेच होत्या.

"आई, तू लांब बस. ह्याला लायसन्स लागतं."

"नुसतं बघायला पण?"

"बघायला पण!"

लेपामुळे सगळीच जाड झाली, असा राजानंदने निकाल दिला. म्हणजे साठही काडतुसांतून गोळ्या परत उपसायच्या. त्यासाठी एक पोकळ हातोडा मिळतो. काडतूस त्यात अडकवायचं आणि गोळी सुटेपर्यंत हातोडा फरशीवर आपटायचा. एकेकाला चार दणके.

तिसऱ्याच दणक्याला वरून त्याची बायको समता खाली आली, हेडफोन गळ्यात. "अरे, मीटिंगमध्ये सगळे विचारतायत, घराचं काम काढलंय का म्हणून."

"हो म्हणून सांग."

"काय काढलंय सांगू?"

"किचन सांग!"

त्याने खाली सतरंजी घातली, तर गोळी सुटेना. मग तो मागच्या शेडमध्ये गेला. तिथे सिमेंटचा कोबा होता. शेजारच्या डच आजोबांनी कुंपणापलीकडून आधी हात हलवला, मग कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि पुन्हा हात हलवला.

शुक्रवारी दुपारपर्यंत एकोणसाठ उपसून झाली. खांदा भरून आला होता, पण राजानंद हटला नाही. साठावं हातात घेतलं तेवढ्यात शांताबाई चहा घेऊन आल्या.

"त्या नळकांड्याला लागतं का रे लायसन्स?"

"त्याला नाही लागत."

"मग आण इकडे."

त्यांनी ते उजेडाकडे धरून एक डोळा मिटला. बांगडीतली पिन काढली आणि स्टोव्हचं भोक साफ करावं तशी आत फिरवली. निळ्या रंगाचं एक बारीक कडं बाहेर पडलं. पहिल्या गोळीचा खरवडलेला लेप आत चिकटून बसला होता.

राजानंदने साठावं काडतूस आत सोडलं.

टुण्.

"म्हणजे बिघडलेलं पहिलंच होतं फक्त," शांताबाई म्हणाल्या. "बुधवारपासून म्हणतेय, बघू दे."

खिडकीतून समता ओरडली, "झालं का रे ठोकणं? ऑफिसातले नव्या किचनचे फोटो मागतायत!"

राजानंदने आत येऊन यंत्राशेजारी दुसरी खुर्ची ओढली. "बस आई. एकोणसाठ परत भरायचीत. एकेक झालं की नळकांडं पुसायचं काम तुझं."

"बसते," पिन परत बांगडीत अडकवत शांताबाई म्हणाल्या. "पण तो हातोडा आधी माझ्याकडे दे."