सावलीमास्तरांची रामनवमी

आमच्या गावात व्यंकटराव मास्तरांच्या परवानगीवाचून रामाचा जन्म होत नसे.

चैत्र शुद्ध नवमीला देवळाच्या फरसबंद अंगणात मास्तर एक लोखंडी गज उभा करीत. तो सरळ उभा आहे की नाही, हे गवंड्याचा ओळंबा लावून पाहत. गजाच्या बुंध्यापासून उत्तरेकडे त्यांनी स्वतः छिन्नीने फरशीत एक रेघ कोरलेली होती. सकाळपासून पश्चिमेकडे पडलेली गजाची सावली आखडत, सरकत त्या रेघेवर येऊन बसली की मास्तर उजवा हात वर करीत. हात वर झाला की तेरखेड्याहून शोभेची दारू घेऊन आलेला इमामभाई उखळीचा बार उडवी, सभामंडपात मी जन्माचा उद्घोष करी आणि बायका पाळण्याची दोरी हाती घेत. हात वर झाला नाही, तर यांपैकी काहीच होत नसे. रामराय कौसल्येच्या उदरी स्वस्थ राहत.

मी त्या देवळातला पुराणिक. माझे कीर्तन अंगणाकडे तोंड करून चाले, त्यामुळे तो गज, ती रेघ आणि मास्तरांची पाठ मला वर्षानुवर्षे समोर दिसत आली.

मास्तर निजाम सरकारच्या शाळेत उर्दू आणि गणित शिकवीत. अंगात काळी शेरवानी, डोक्याला रुमाल आणि बोलण्यात दोन्ही भाषांचा असा काही मेळ, की देवापुढे हात जोडूनही त्यांच्या तोंडून ‘रहम असू द्या’ असेच निघे. त्यांच्या बोलण्यातली दोन वाक्ये गावातल्या पोराटोरांना पाठ झाली होती: “सबूर. सावली बोलेल.” लग्नाचा मुहूर्त असो, पंगत वाढायची असो, की कोणी नुसते ‘मास्तर, निघायचं का?’ असे विचारलेले असो, ते आधी अंगणात जाऊन भिंतीची सावली पाहत आणि मगच चपला पायात सरकवीत.

घड्याळाविषयी त्यांना तिरस्कार होता असे म्हणता येणार नाही, दया होती. त्यांच्या सासऱ्यांनी लग्नात दिलेले खिशातले घड्याळ त्यांनी ज्वारीच्या कणगीवर टांगून ठेवले होते. “त्याला किल्ली आपणच द्यायची अन् वेळ त्यालाच विचारायची? हा कुठला इन्साफ?” असे ते म्हणत.

एका वर्षी दौऱ्यावर आलेले तहसीलदारसाहेब उत्सवाला येऊन बसले. त्यांच्या घड्याळात बारा वाजून गेले. साहेबांनी पाटलाकडे पाहिले, पाटलाने माझ्याकडे पाहिले आणि मी मास्तरांच्या पाठीकडे पाहिले.

“मास्तर, सायब खोळंबलेत,” पाटील खालच्या आवाजात म्हणाले.

“सबूर,” मास्तर मान न वळवता म्हणाले. “साहेब आले म्हणून सूर्य धावायला लागला, असं होत नसतं.”

साहेब सज्जन होते, ते हसले. पाटलाला मात्र घाम फुटला. सर्वांत कठीण अवस्था माझी होती. माझ्या कथेतल्या कौसल्येच्या कळा केव्हाच सुरू झाल्या होत्या आणि आता त्या आवरता येत नव्हत्या. मी दशरथाच्या काळजीचे वर्णन केले, वसिष्ठांच्या जपाचे केले, अयोध्येच्या वेशी, बागा आणि तलाव यांचे केले. अखेरीस शरयूच्या पाण्यातल्या माशांपर्यंत आलो, तेव्हा कुठे तो हात वर गेला. कीर्तन संपल्यावर मास्तर माझ्याजवळ येऊन म्हणाले, “बुवा, मासे छान होते. पण कळा जरा उशिरा सुरू करत जा.”

चैत्रातल्या सुटीत शाळा बंद असे. शेतातली रास घरी आलेली असे, लोक लिंबाच्या सावलीत पत्ते कुटीत, कैरीची डाळ खाऊन डुलक्या काढीत. मास्तरांची विश्रांती वेगळ्या प्रकारची होती. ते गजाला राखेने घासून तेल लावीत, रेघेतली माती दाभणाने टोकरून काढीत आणि मग ओसरीवर बसून सबंध दुपारभर सावलीचा प्रवास बघत. मी एकदा विचारले, “मास्तर, कंटाळा येत नाही?”

“तुम्हाला तीच रामकथा दरसाल सांगताना येतो का?”

मीही ओसरीवर बसून सावली बघू लागलो.

घरात ते एकटे होते. पत्नी पहिल्याच बाळंतपणात गेली. मागे राहिलेल्या मुलीला, यमुनेला, त्यांनी स्वतः वाढवले. तिच्या वेण्या ते घालीत; भांग नाकाच्या रेषेत आल्याशिवाय तिला शाळेत सोडत नसत. ती बार्शीला दिली. बार्शी इंग्रजी मुलखात. म्हणजे मध्ये सरहद्द, सरहद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आणि नाक्यावर गाठोडी उसकटून पाहणारे शिपाई. माहेरी येणे तिला क्वचितच घडे.

आमच्या देवळात एक रीत होती. पाळण्यात रामाच्या जागी कुंची घातलेला नारळ ठेवीत. जन्माच्या क्षणी लेकराची आस असलेली जी सवाष्ण पाळण्यापाशी पदर पसरून उभी असेल, तिच्या ओटीत तो नारळ घालायचा. क्षण टळल्यावर आलेलीला तो देत नसत. मग तो फोडून प्रसादात वाटायचा. ही रीत कोणी घालून दिली हे मला ठाऊक नाही. पण ती मोडलेली मी पाहिली नव्हती.

मी सांगतो त्या वर्षी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्या ओसरीवर येऊन बसले. बराच वेळ खांबाची सावली बघत राहिले. मग म्हणाले, “बुवा, यंदाचा नारळ आमच्या यमूला.”

“उत्तम.”

“उत्तम कशाचं? तिच्या सासूनं निरोप धाडलाय. रामाचा नारळ ओटीत पडला तर वर्षभर कळ काढू म्हणती. नाही पडला, तर वैशाखातच पोराचं दुसरं लगीन लावू. मुलगी बघून ठेवलीय म्हणे.” आणि जणू कोणाच्या तरी गणिताच्या पेपराविषयी बोलावे तसे पुढे म्हणाले, “जावई तसा बरा आहे. पण आईपुढं त्याचं काही चालत नाही.”

नवमीला सकाळीच मास्तरांनी गज उभा केला. यमुना आदल्या सायंकाळी पोचायची होती, पोचली नव्हती. रस्ता देवळाच्या ओट्यावरून लांबवर दिसतो. मास्तर ओळंबा धरून एकदा गजाकडे आणि एकदा रस्त्याकडे पाहत होते. गज तेवढा सरळ यापूर्वी कधी झाला नसेल.

मी कीर्तनाला उभा राहिलो. कळांच्या बाबतीत या खेपेस सावध होतो. अंगण माणसांनी भरले. मास्तरांनी गजाभोवती सुतळी ताणलेली असे आणि तिच्या आत पाऊल टाकायची कोणाची छाती नसे. तिच्या आत मास्तर, बाहेर उखळीपाशी पेटती बत्ती घेतलेला इमामभाई, आणि त्याच्या पलीकडे सारा गाव.

सावली रेघेजवळ आली. मी कौसल्येला प्रसूतिगृहात नेले. सावली रेघेवर बसली. मी श्वास घेऊन हात उंचावण्याच्या तयारीत मास्तरांकडे पाहिले.

त्यांचा हात खालीच होता.

ते वाकले, सावलीकडे निरखून पाहिले, सरळ उभे राहिले आणि रस्त्याकडे पाहू लागले. मी दशरथाची काळजी पुन्हा एकदा वर्णिली. सावली रेघ ओलांडून बोटभर पूर्वेला गेली. उभा जन्म जो माणूस रेघेच्या केसभर अलीकडे रामाला येऊ देत नव्हता, तो आता तिच्या पलीकडे उभा होता.

“मास्तर, अजून किती येळ?” पाटील ओरडले. “लेकरं करपायलीत उन्हात!”

“सबूर. सावली यायची आहे.”

“डोक्यावर आलाय की ओ सूर्य!”

“यायची आहे म्हटलं ना!” मास्तरांचा आवाज चढला. तो चढलेला मी प्रथमच ऐकला.

सुतळीबाहेरच्यांना ती रेघ नीट दिसत नव्हती. मला दिसत होती आणि इमामभाईलाही. पाटलांनी मोर्चा त्याच्याकडे वळवला. “इमाम, तू उडव रं बार! मास्तरचं काय ऐकतोस, बत्ती विझायली तुझी.”

इमामभाईने एकवार सावलीकडे पाहिले, एकवार मास्तरांच्या तोंडाकडे आणि मग बत्ती खाली धरली. “कसं उडवू, पाटील? दारू सादळली हाय.”

“सादळली? ह्या उन्हात?”

“व्हय जी. रातचं दव लई पडलं. जरा सुकू द्या की.”

चैत्रात आमच्याकडे दव पडत नाही. लोकांत खसखस पिकली. मास्तर इमामभाईकडे बघायला तयार नव्हते. मी शरयूच्या माशांकडे वळलो. दुसरा उपाय नव्हता. यावेळी मासे संपले, कासवे झाली, आणि सावली रेघेपासून वीतभर दूर गेली, तेव्हा रस्त्याच्या वळणावर धुळीचा लोट उठला आणि बैलांच्या गळ्यातली घुंगरे ऐकू आली.

गाडी थांबायच्या आतच यमुना खाली उतरली. अनवाणी धावत अंगणात आली, धुळीने माखलेली, केसांचा भांग विस्कटलेला.

“आप्पा, नाक्यावर अडवलं हो! सगळं गाठोडं सोडायला लावलं, रात्रभर बसवून ठेवलं. झाला का जन्म? गेला का नारळ?”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिले नाही. ते गजाकडे पाहत होते. “आत जा,” ते म्हणाले. “पदर पसर.”

ती आत पोचली, पाळण्यापाशी उभी राहिली, आणि मास्तरांचा हात वर गेला. सादळलेली दारू अशी कडाडली की देवळावरचे पारवे उडाले. मी फुले उधळली. नारळ यमुनेच्या ओटीत पडला आणि तिने तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

पाळणा म्हणून झाला. सुंठवडा वाटला गेला. मास्तर आत आले नाहीत, म्हणून मी द्रोण घेऊन बाहेर गेलो. ते तापल्या फरशीवर अजून गजापाशीच उभे होते.

“मला नको, बुवा.”

“प्रसाद आहे.”

“मी आज देवापुढं खोटं बोललो. रामाला थांबवलं. मध्याह्न टळून गेला होता, तुम्हीही पाहिलंत.” मग ते म्हणाले, “मुलीची ओटी टळलेल्या क्षणावर भरली. ती फळेल का?”

मी म्हणालो, “मास्तर, शास्त्रकार दिवसाचे पाच भाग करतात. त्यांतला मधला सबंध भाग तो मध्याह्न. तो क्षण नव्हे, चांगला ऐसपैस काळ आहे. तुमची सावली अजून वीतभर पुढं गेली असती तरी जन्म वेळेवरच होता.”

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. “सबंध भाग?”

“सबंध.”

“मग इतकी वर्षं मी तुम्हाला या रेघेसाठी…”

“होय.”

“अन् तुम्ही बोलला नाहीत?”

“आपण विचारलं नाही. आणि रामाची वाट बघताना गाव एका जागी शांत बसतो, हे काही वाईट नव्हे.”

ते प्रथमच हसल्यासारखे झाले. पण त्यांचा हिशोब पुरा झालेला नव्हता. “जन्म वेळेवर झाला, कबूल. पण सावली यायची आहे, असं मी म्हणालो. ते तर खोटंच?”

“ते खोटंच.”

“त्याला प्रायश्चित्त काय?”

मी उत्तर देण्यापूर्वी यमुना पायरीवर आली. नारळ तिने ओटीतून क्षणभरही खाली ठेवला नव्हता. “आप्पा, चला ना आत. पाळणा हलवायला या.”

“मी?”

“तुम्ही कधी हलवलाय तरी का?”

मास्तरांनी गजाकडे बोट दाखवले. तेव्हा माझ्या ध्यानात आले की आमच्या गावात ज्या माणसाच्या हातावर रामाचा जन्म होत असे, त्याने तो एकदाही पाहिलेला नव्हता. दरवर्षी ते बाहेर उन्हात उभे राहत. आणि आतला सोहळा संपला की गज काढून, पुसून, घरी नेत.

“हेच प्रायश्चित्त,” मी म्हणालो.

उन्हातून आत आल्यावर मंडपातल्या काळोखात त्यांना काही दिसेना. ते हात पुढे करून चाचपडत उभे राहिले. यमुनेने पाळण्याची दोरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती अशी ओढली, की पाळणा उसळून खांबाला लागता लागता राहिला.

“मास्तर, हळू! देवाचं लेकरू हाय त्ये!” बायका हसू लागल्या.

खांबाला टेकून बसलेली म्हातारी सुईण रखमाबाई म्हणाली, “यमीचा पाळणाबी असाच हलवायचा ह्यो. माय न्हवती, अन् ह्याला काय ठावं? पोरगी बिचारी भिऊन झोपायची.”

मास्तर हसले नाहीत. त्यांनी दोरी सैल सोडली आणि ती अगदी सावकाश, मागे आणि पुढे, ओढू लागले. आणखी बायका रांगेत तिष्ठत होत्या. त्यांच्यातल्या एकीने दोरीसाठी हात पुढे केला, मग दुसरीने केला. त्या दिवशी बराच वेळ मास्तरांनी ती कोणाच्या हाती दिली नाही.