पाळण्यातलं मूलद्रव्य

माझ्या थोरल्या मुलाची तक्रार करणं म्हणजे माझंच नाक कापून घेणं, पण आता इलाज नाही. त्याची मुलगी सात महिन्यांची झाली तरी तिला नाव नव्हतं.

थोरला प्रयोगशाळेत नवी मूलद्रव्यं बनवतो. मी चौथीपर्यंत शिकले, तरी काम समजलंय. जड धातूच्या चकतीवर हलक्या धातूच्या कणांचा महिनोन्महिने मारा करायचा. अब्जावधी वाया जातात, एखादा चिकटतो आणि नवं मूलद्रव्य होतं. ते पापणी लवायच्या आत फुटतं, मग सगळे टाळ्या वाजवतात. नाव मात्र लगेच ठेवायचं नसतं. आधी नुसता आकडा. मग दुसऱ्या प्रयोगशाळेनं तेच करून दाखवायचं, मग आधी कोणी केलं याचा निवाडा, मग नावाचा प्रस्ताव, मग हरकतींसाठी पाच महिने.

नातीला त्यानं हीच रीतसर कार्यपद्धती लावली. धाकट्याच्या दोघींनंतर घरातलं तिसरं मूल, म्हणून तिचं तात्पुरतं नाव 'तीन'. नाव सुचवायचा मान शोध लावणाऱ्याचा. विहीणबाईंनी लेखी दावा केला की नर्सनं बाळ आधी त्यांच्या हातात दिलं. मीही हार मानणारी नव्हे. बाळाचं रडणं दाराबाहेरून मी आधी ऐकलं होतं. थोरल्यानं माझा पुरावा अप्रत्यक्ष ठरवला. निवाड्याला त्याचे तीन सहकारी आले, दोनदा चहा प्यायले आणि पुनरावृत्ती झाल्याशिवाय शोध ग्राह्य नाही, असा अभिप्राय देऊन गेले. तो थोरल्यानं सुनेला वाचून दाखवला.

सून म्हणाली, "पुनरावृत्ती तुमच्या यंत्रात करा."

अखेर तडजोडीचं एक नाव इमारतीच्या फलकावर लागलं. मुदतीचा आठवडा उरला असताना तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी हरकत घेतली: याच नावाची त्यांची मांजर आहे आणि ती वयानं मोठी आहे. थोरल्यानं हरकत दाखल करून घेतली व मुदत नव्यानं सुरू केली.

तेवढ्यात नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं. शुक्रवारपर्यंत नाव कळवा, अन्यथा 'निनावी मुलगी' अशी नोंद कायम होईल. थोरला मुदतवाढीचा अर्ज लिहायला बसला. धाकट्याची मोठी जिन्याच्या पायऱ्या मोजत होती. तिनं 'तीन' म्हटलं आणि पाळण्यातल्या पोरीनं मान वळवली.

मी उठले. सुनेच्या कानात विचारलं, तिनं तिच्या मनातलं नाव सांगितलं. पोरीला काखोटीला मारून मी कार्यालयात गेले. चार मिनिटांत काम झालं.

घरी आले तर थोरला दारात. प्रक्रिया अर्धवट राहिली, म्हणे, आता सगळंच अवैध.

मी दाखला त्याच्या अर्जावर ठेवला आणि म्हटलं, "ज्याला कोणी कधी हाक मारणार नाही, त्याच्या नावासाठी भांडत बस जन्मभर. हिचं नाव झालं. त्याच्याखाली बापाचंही लिहावं लागतं, तिथं मी तुझं लिहून आलेय. कारकुनानं पुरावा मागितला नाही, म्हणून निभावलं."